पोटातली ऊब

वॉटफर्ड सिटी, नॉर्थ डकोटा
१९ ऑक्टोबर

ती. अर्लंडदादास,
ब्रिटाचा सा. न. वि. वि.

इथे फोन लागत नाही हे एका परीने बरंच. कागदावर खोटं बोलणं मला जड जातं.

तीन दिवस आपल्या चाकांवरच्या घराखाली, ट्रेलरखाली, पाठीवर पडून होते. त्याच्या पोटाची काळी चादर सोडवली तर ऊब धरण्यासाठी भरलेल्या काचलोकरीचा ओला गठ्ठा थेट तोंडावर आला, सोबत उंदरांचं घरटं. सगळं काढलं, वाळवलं, नवी काचलोकर भरली, फटी फोमने बुजवल्या, शिवणींवर चंदेरी टेप लावली आणि वारा आत शिरू नये म्हणून चहूकडून फोमच्या पाट्यांची झालर उभी केली. बाबा खुर्चीवरून काठीने दाखवत होते. म्हणाले, चार वर्षं कॉलेजात नुसत्या कविताच वाचल्यास का? टेप आहे ती, दाबून लाव, गोंजारतेस काय! घर तापवणाऱ्या गॅसच्या फर्नेसची गरम हवेची एक नळी पोटात सोडली आहे, तिच्यावर तीनदा काठी आपटून म्हणाले, ही फुंकते म्हणून खालचे पाइप जिवंत आहेत.

नर्स डोलोरेसबाईंनी स्पष्ट सांगितलंय, पाणी आणि संडास चालू आहे तोवरच बाबा इथे; नळ गोठला की वृद्धाश्रम. आईबरोबर तीस उन्हाळे ज्या ट्रेलरमध्ये काढले तिथेच डोळे मिटावेत, एवढंच ते मागतात. मी काम नीट केलंय की नाही, मला कळत नाही.

आहे तो लोभ थंडीत टिकेल इतका ठेव.
तुझी ब्रिटा


ट्यूसॉन, ॲरिझोना
८ नोव्हेंबर

चि. ब्रिटास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. बर्फातून गॅसचे सिलिंडर ओढून तुझी कंबर जाणार, म्हणून विजेचा मोठा हीटर पाठवतोय. तो लाव आणि फर्नेसला विश्रांती दे. बाबा कुरकुरतील. त्यांना सांग, मुलगा सहा वर्षांत आला नाही, निदान त्याची शेकोटी तरी आली. थट्टा आहे, पण पूर्ण थट्टा नाही.

इथे लोक अर्ध्या बाह्यांत फिरतात. लाज वाटते.

माया तशीच राहू दे.
अर्लंड


वॉटफर्ड सिटी
१४ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हीटर पोचला. आत चक्क मोज्यांशिवाय फिरता येतं. सिलिंडर जसाच्या तसा आहे, कारण आत इतकं उबदार की फर्नेस दिवसच्या दिवस आपोआप पेटतच नाही. परवा आपले लेफ्से, बटाट्याच्या पातळ पोळ्या, भाजले, बाबांनी दोन खाल्ले.

पण ते रुसलेत. फर्नेसची घरघर नसली की ट्रेलर मेल्यासारखा वाटतो म्हणतात, रोज ती लाव म्हणून मागे लागतात. काल मी चिडून म्हणाले, तुम्हाला सुखसुद्धा टोचतं. त्यांनी काठी खुर्चीला टेकवून ठेवली. खरं लिहायचं तर मला क्षणभर जिंकल्यासारखं वाटलं.

तू जवळ नाहीस, तरी लोभ जवळचा असू दे.
ब्रिटा


वॉटफर्ड सिटी
११ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मंगळवारी पारा शून्याखाली एकतीसवर गेला. सकाळी नळ उघडला, थेंब नाही. आम्ही आत उबेत होतो आणि पायांखाली सगळं गोठत होतं. आत ऊब म्हणून फर्नेस पेटली नाही. ती पेटली नाही म्हणून पोटातल्या नळीने फुंकर घातली नाही. पाइप फुटले, टाकी तडकली. चादर उघडली तर मी भरलेली काचलोकर बर्फाची लादी होऊन लटकत होती.

हीटर तुझा, हे मनातून काढून टाक. तू ती नळी फक्त माझ्या पत्रात वाचली होतीस. मला बाबांनी ती काठी आपटून दाखवली होती. हीटर आल्यापासून महिनाभर ते रोज सांगत होते आणि मी त्याला म्हातारपणाचा हट्ट समजले.

डोलोरेसबाई दुपारी आल्या. बाबा एका शब्दाने म्हणाले नाहीत की मी सांगितलं होतं. म्हणाले असते तर बरं झालं असतं. त्यांनी आपल्या सपाता स्वतःच पिशवीत भरल्या आणि मला म्हणाले, टेप मात्र छान लावली होतीस, पोरी.

वृद्धाश्रमातली खोली गरम आहे, पण तिथे कसलाच आवाज नाही. मी भेटून निघताना बाबा रोज विचारतात, फर्नेस लावलीस ना? मी हो म्हणते. मग परत येऊन खरोखरच लावते. खाली जपण्यासारखं काही उरलेलं नाही. तरी ती धडधडून पेटेपर्यंत दारात उभी राहते.

आज लोभ मागायला तोंड नाही, पण मागते.
तुझी ब्रिटा