मधली पांढरी रांग

२६ जानेवारी, सांजच्याला

हे गेले तवा सासूनं लय सांगितलं, तरी मी पांढरं नेसले न्हाई. आज नेसले. कुणाच्या सांगण्यावरून? शेजारच्या कमलच्या.

आज झेंड्याला आमच्या बचत गटाच्या बायांच्या तीन रंगांच्या रांगा होत्या. शाळेच्या बाईंनी आधी समजून सांगितलेलं, भगवा त्यागाचा, पांढरा सत्याचा अन शांतीचा, हिरवा भरभराटीचा. भगव्या-हिरव्याला बाया लगेच उठल्या. पांढऱ्याला सगळ्या खाली बघायल्या. तवा कमल म्हणली, "जिजे, आपण दोघी नेसू. आपलं बघून बाकीच्या नेसतील." सवाष्ण असून नेसते म्हणली, मला भरून आलं. ताडकळसच्या बाजारातून दोघींनी एकसारख्या साड्या आणल्या.

अन सकाळी बघते तर कमल हिरव्यात! मधल्या रांगेत समद्या नवरा गेलेल्या.

"कमले, हे काय गं?"

"आत्याबाई म्हणल्या, सवाष्णीनं पांढरं नेसू नये. तुला काय, तुला चालतंय की."

तुला चालतंय. माईकवर पांढरा सत्याचा म्हणून सांगायलेत अन माझ्या कानात तेवढंच. सासूला भिली असंल. पण काल भिंतीवरून हाक मारून सांगायला काय झालं होतं? मी बी माझी जांभळी नेसले असते. अन तुला चालतंय म्हणताना हसली कशाला?

घरी येऊन साडी धुतली. दोघींच्या मधल्या भिंतीवर वाळत टाकली, बरोबर तिच्या चुलीसमोर. वाळली तरी काढणार न्हाई. बघू दे रोज.