चारशे की पाचशे

१२ ऑक्टोबर

आला एकदाचा! अंतर मोजायचा लेझर. मुठीत मावतो. डोळ्याला लावायचा, बटण दाबायचं, की आत लाल आकडा. दिवसभर दुसरं काही केलं नाही. कोठार ९४ यार्ड. टपालपेटी २१०. शेजाऱ्यांची काळी गाय ३८८ — आणि तिला पत्ताच नाही!

धाकट्या भावाला, ड्वाइटला, बघवेना. "ताई, यंदा शिकारीला तू जाणार की ही डबी?" म्हटलं, गेल्या वर्षी अंदाजानं बार काढलास आणि गोळी एल्क हरणाच्या पाठीवरून गेली, तेव्हा डबी असती तर?

१४ ऑक्टोबर

ड्वाइटनं उट्टं काढलं. बाबांसमोरच म्हणाला, "मग बाबांची ती गोळीही मोजून टाक ना!"

ती गोळी म्हणजे आमच्या घरचा मान. लग्नानंतरचा पहिला हिवाळा, बोन क्रीकचा लाल खडक, आणि ओढ्यापलीकडे जळक्या पाइनखाली पडलेला एल्क. शिंगं अजून शेगडीच्या वर आहेत, बाबांच्या नावाचा शिकारीचा परवाना त्यांना तसाच बांधलेला. "चारशे यार्ड," बाबा सांगायचे. आई लगेच, "चारशे कसले? पाचशे!" सगळे हसायचे — बायको नवऱ्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवते म्हणून. आता आई नाही. ड्वाइटच्या मते दोनशेही भरायचे नाहीत.

बाबा बशीतला बटाटा ढकलत राहिले. "राहू दे गं," एवढंच म्हणाले.

संताप आला मला. त्र्याऐंशीव्या वर्षी बापाला खोटं पाडायचं! "नेम बापाचा उतरलाय पोरीत" हे ऐकत मी मोठी झाले. मोजणारच. पण भीती वाटते — कमी भरलं तर?

१५ ऑक्टोबर

बर्फ. कुंपण दुरुस्त केलं. बाबा माझ्याशी बोलत नाहीत.

२६ ऑक्टोबर

हंगामाचा पहिला दिवस, आणि लाल खडकावर मी एकटी. उजाडलं तसा उतारावर नर एल्क दिसला. लेझर लावला — १९०. मन मानेना. इतका जवळ, मग इतका लहान कसा दिसतो? बघते तर लेझर समोरच्या सेजच्या झुडपावरच आपटत होता! कोपरं दगडावर टेकवली, झुडपाच्या वरून धरला — ३४२. पुन्हा ३४२. बंदुकीची दुर्बीण तेवढ्यावर लावली, श्वास सोडला. एकच गोळी. जागीच बसला! त्या १९० वर भरवसा ठेवला असता तर बिचारा मोडका पाय घेऊन पळाला असता.

मग जळका पाइन. उभा आहे अजून. तीनदा दाबलं.

५१३!

एकटीच ओरडले. चारशे नाही, पाचशेच्याही वर! आई खरं सांगत होती. आणि बाबा जन्मभर कमी सांगत आले — केवढा मोठेपणा!

मांस उतरवायला ड्वाइट घोडा घेऊन आला, तेव्हा डबी त्याच्याच डोळ्याला लावली. बराच वेळ बघत राहिला. मग टोपी काढली. "हरलो, ताई."

२७ ऑक्टोबर

एल्कचं काळीज कांद्यावर परतलं. वाढताना बाबांना आकडा सांगितला. वाटलं, खूश होतील. रडायलाच लागले.

"पाचशे तेरा... तुझी आई, माझी लव्हॉन, सांगायची, मला पटायचं नाही. गोळी माझी नव्हती गं, पोरी. परवाना माझा होता, बंदूक तिच्या हातात. दुसऱ्याच्या परवान्यावर मारणं म्हणजे गुन्हा. म्हणून मी मारला म्हणून सांगितलं. मग सांगतच राहिलो."

म्हणजे माझ्यातला नेम आईचा! आणि ती दर वेळी याच टेबलाशी बसून नुसता आकडा दुरुस्त करायची.