एक सोडून एक खुर्ची

३ मे, सकाळी
आजपासून रोजनिशी. थेटर उघडेल तेव्हा बंदच्या काळात मॅनेजरने काय काय केलं याची नोंद असलेली बरी. वाचणार कुणी नाही, त्यामुळे खरं लिहिता येईल.
ठराव: रोज थेटरवर एक फेरी. पोट कमी. हिच्याशी वाद बंद.

३ मे, दुपारी
हिच्याशी वाद झाला. ठराव उद्यापासून.

५ मे
मेव्हण्याचा फोन. हा हिचा धाकटा भाऊ, सरकारी कचेरीत असतो, हुकूम निघायच्या आधीच त्याला वास येतो. म्हणाला, सगळं एकदम उघडणार नाही, चार टप्पे केलेत. पहिल्यात किराणा, औषधं, गोदामं. दुसऱ्यात दुरुस्तीची दुकानं. तिसऱ्यात हॉटेलं, निम्म्या माणसांवर. चौथ्यात उरलेलं. मी विचारलं, थेटर कशात? म्हणाला, दाजी, थेटर हा शब्दच कुठे नाही.

म्हणजे मनाई नाही. साधं लॉजिक आहे. मला वाटतं दुसरा टप्पा. फार तर दुसऱ्याचा शेवट.

ही म्हणाली, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. मी उत्तर दिलं नाही. (ठराव पाळला.)

७ मे
फेरी. बाहेरच्या काचेत अजून बंदच्या आधी लावलेलं सिनेमाचं पोस्टर, वर 'लवकरच' अशी पट्टी. उन्हाने हिरोईनचा चेहरा उडालाय, पट्टी मात्र शाबूत. शुभशकुन.

आत गार. रिकाम्या हॉलमध्ये खुर्च्यांच्या स्प्रिंगा आपोआप कुरकुरतात. एक इकडे, मग बऱ्याच वेळाने एक तिकडे. कुणी उठून गेल्यासारखं वाटतं. पूर्वी कधी लक्षात आलं नव्हतं. फार वेळ थांबलो नाही, कामं होती.

ऑपरेटरकाका वर मशीनरूमला लागून असलेल्या खोलीत राहतात. बायको गेल्यापासून तेच त्यांचं घर. एक पलंग, एक ट्रंक, स्टोव्ह. दर शनिवारी रिकाम्या हॉलला एक रीळ लावून दाखवतात. म्हणतात, मशीन बसून राहिलं की रुसतं. मी म्हणालो, चालू ठेवा, दुसऱ्या टप्प्यात लागणारच आहे.

मग त्यांनी हळूच काढलं. त्यांच्या जावयाने कोल्ड स्टोरेजमध्ये काम बघून ठेवलंय. मशीनवर लक्ष ठेवायचं, राहायला खोली. शनिवारपर्यंत हो-नाही कळवायचंय. मॅनेजरसाहेब, तुम्ही म्हणाल तसं, असं म्हणाले.

मी हसलोच. म्हणालो, काका, आयुष्यभर उजेडात काम केलंत, आता बर्फात जाऊन बसणार? आणि इथे पडदा उघडेल तेव्हा मशीन कोण चालवेल, मी? थांबा.
त्यांना पटलं. माझ्या शब्दाला किंमत आहे.

९ मे, शनिवार
काकांनी जावयाला 'नाही' असं कळवून टाकलं. एक काम मार्गी.

१२ मे
अर्ज लिहिला. विषय: सिनेमा ही अत्यावश्यक सेवा असल्याबाबत. मुद्दा असा की माणसाला औषध लागतं तसा विरंगुळा लागतो. मेव्हण्याने वाचला आणि म्हणाला, दाजी, हा कुणाला दाखवू नका. हेवा. त्यांच्या घरात कुणाला दोन ओळी धड लिहिता येत नाहीत.
पोट: आहे तिथेच.

१४ मे
तयारी सुरू. एक सोडून एक खुर्ची रिकामी ठेवायची हा माझा प्लॅन. बसायचं नाही त्या खुर्चीवर लाल चिकटपट्टीची मोठी फुली. मी आणि काकांनी मिळून सगळा हॉल केला. शेवटच्या रांगेत काका फुली मारायला कचरले. म्हणाले, या कोपऱ्यात एक आजीबाई दर मंगळवारी यायच्या, ही जागा मोकळीच राहू दे. मी म्हणालो, नियम म्हणजे नियम. फुली मी स्वतः मारली.

ताप मोजायची बंदूकही घेतली. कपाळासमोर धरली की आकडा येतो. काका म्हणाले आधी माझ्यावर बघा. म्हटलं, नको, पहिलं कपाळ पहिल्या प्रेक्षकाचं.

१८ मे
मालक आले. किती महिन्यांनी. सोबत दोन माणसं, टेपने मोजमाप. दाराची रुंदी घेतली. मी समजावून सांगितलं की गर्दी सुटताना धक्काबुक्की नको म्हणून हे लागतंच. ते म्हणाले, हो. मग छताची उंची. खेळती हवा, मी म्हणालो. ते म्हणाले, हो हो. मग एकाने पायऱ्यांच्या उतारावर टाच आपटून विचारलं की हे भरून सपाट करायला किती लागेल. वयस्कर प्रेक्षकांचा इतका विचार करणारा मालक मी पाहिला नाही.

मालक माझ्याकडे बघत नव्हते. डोळे आले असावेत.
काका वरच्या झरोक्यातून बघत होते. खाली आलेच नाहीत. मागाहून विचारलं तर म्हणाले, छताची उंची माल रचायला मोजतात. काकांचं वय झालं.

२१ मे
मालकांचा स्वतःहून फोन. विचारलं, पहिल्या खेपेला अर्ध्या खुर्च्या धरल्या तर कोणत्या? मी म्हणालो, साहेब, काळजीच नको, एक सोडून एक फुल्या मारून तयार आहेत. मग म्हणाले, वा, तुम्ही काम सोपं केलंत.

हिला सांगितलं. ही म्हणाली, खेप कसली? मी म्हणालो, शोची. दिवसाला दोन खेपा. ही भांडीच घासत राहिली. घासलेलीच भांडी परत घासत होती.

२३ मे
मी कचेरीत अर्ज द्यायला गेलो होतो (घेतला नाही, खिडकी चौथ्या टप्प्यात उघडणार). परत आलो तर थेटरसमोर टेम्पो. फुली असलेल्या सगळ्या खुर्च्या उपटून नेल्या. काका दारात आडवे उभे राहिले होते म्हणे. हमालांनी विचारलं, फुल्या कुणी मारल्या? काका खोटं बोलत नाहीत. म्हणाले, मॅनेजरसाहेबांनी. मग बाजूला व्हा, हमाल म्हणाले.

हॉल पाहिला. दात पडलेल्या जबड्यासारखा. आजीबाईंची खुर्चीही गेली.
रात्री विचार केला. मालक माझ्या पुढे गेले. बसायची नाही ती खुर्ची ठेवायचीच कशाला? पक्का बंदोबस्त. धंद्याची नजर लागते त्याला.
तरी जेवण कमी गेलं. पोट कमी व्हायला मदतच.

२७ मे
उरलेल्याही नेल्या. धुवायला असतील.

२९ मे
मालकांनी बोलावलं. म्हणाले, इमारत भाड्याने दिलीय, पहिल्या टप्प्यातच उघडणार. मी म्हणालो, बघा, मी दुसरा म्हणत होतो. आपण अंदाज कमीच केला. ते खाली बघत म्हणाले, औषधांच्या खोक्यांचं गोदाम आहे. एकच जागा आहे, दारावरची, तुमच्यासाठी शब्द टाकलाय. मी विचारलं, आणि काका? म्हणाले, एकच आहे, नको असेल तर आत्ता सांगा.
मी नको म्हणालो नाही.
मला म्हणायला वेळ मिळाला नाही, असं लिहिणार होतो. मिळाला होता. चहा आला, तो संपेपर्यंत मी गप्प बसून होतो.

३० मे
काकांना सांगायचं होतं. सगळं एकदम सांगण्यापेक्षा टप्प्याटप्प्याने बरं. पहिला टप्पा: इमारतीत औषध फवारणार आहेत, चार दिवस लेकीकडे जाऊन या. दुसरा टप्पा ते आल्यावर.
काकांनी विचारलं, आल्यावर मशीन लावायचं ना? मी म्हणालो, थांबा, बघू. ते एक पिशवी घेऊन गेले. ट्रंक वरच राहिली.

३ जून
कुलपं बदलली. उतार भरून सपाट केला. पडदा काढला, मागे नुसती भिंत, ओल आलेली. मशीन खाली उतरवताना तुटलं. भंगारवाला उभाच होता.
ठराव: उद्या काकांना फोन.

४ जून
ही म्हणाली, फोन केलात का? म्हटलं, नेटवर्क नाही. ही माझ्याच फोनवरून तिच्या भावाशी बोलत बसली.

६ जून, संध्याकाळी
पहिला दिवस. बाहेर रांगेत ट्रक, आत छतापर्यंत खोकी. मला टोपी दिली, शिट्टी दिली. ताप मोजायची बंदूक माझीच होती, ती मी घेऊन गेलो. कपाळ तपासल्याशिवाय कुणी आत जायचं नाही. यादीत नाव नसेल तर तापाचाही प्रश्न नाही, सोडायचंच नाही.

चारच्या सुमाराला काका आले. हातात तीच पिशवी. पोस्टर नव्हतं, तरी त्या रिकाम्या काचेपुढे थोडे थांबले. मग माझ्याकडे आले. टोपी बघितली. मी म्हणालो, जावयाकडचं ते कोल्ड स्टोरेजचं काम बघा की. म्हणाले, ती जागा त्याच आठवड्यात भरली, मॅनेजरसाहेब. रागाने नाही, पत्ता सांगावा तसं. मग म्हणाले, वर ट्रंक आहे, तेवढी घेऊन जातो.

गोदामाचा सुपरवायझर बघत होता. मी यादी पाहिली, पाहायची गरज नसताना. काकांनी आपणहून चष्मा काढला आणि कपाळ पुढे केलं. मी बंदूक धरली. ताप नव्हता.
आत सोडता आलं नाही. ट्रंक हमालाने आणून दिली.