आईचा हात कुणाकडे

२ ऑगस्ट ९९, सोम.
भाऊनं धुळ्याहून कॅसेट पाठवली. त्याच्या ऑफिसातला माणूस माझ्या व्हिडिओच्या दुकानात ठेवून गेला, चहाही घेतला नाही. निरोप एवढाच: सीडी कर, कॅसेट परत कर. माघात आई गेली, तेव्हापासूनचा हा पहिला शब्द, तोही दुसऱ्याच्या तोंडून. मी भाऊ आहे की नोकर?
कॅसेट ९१ सालच्या कानबाईची, श्रावणात आमच्या घरी देवी बसते त्या सणाची. शूटिंग माझंच, भाड्याच्या कॅमेऱ्यावर. तेव्हा सगळे इथं जळगावला, एका घरात. पुढं भाऊची बदली झाली आणि तो आईला घेऊन गेला. विचारलंसुद्धा नाही.

४ ऑगस्ट
कॅसेटला बुरशी. आठ वर्षं कपाटात कुजवली आणि आता सीडी पाहिजे साहेबांना. व्हीसीआरचं हेड पुसून पुसून हात दुखले. कॉम्प्युटरमध्ये घ्यायला बसलो, तर दोन जीबी झाले की फाइल आपली आपण बंद. मग तुकडे केले. तिसऱ्या तुकड्याला लाइट गेली. वाढदिवसाची ऑर्डर तशीच पडून आहे. हे काम फुकट, वर उपकार नाहीच.

५ ऑगस्ट
सीडी झाली. सुरुवात पाहिली, आवाज-चित्र ठीक. पुढं आई गहू घेऊन बसते, तिथं बंद केलं. अजून नाही ऐकवत तिचा आवाज.
सीडी पाठवली. कॅसेट ठेवून घेतली, मुद्दाम. करू दे फोन.

९ ऑगस्ट, सोम.
केला. कॅसेटचं नावही काढलं नाही. "पाह्यं का तू? शीडीमा बठ्ठं दिखस."
काय दिसतं, तर रोटाचे, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू काढताना आई सूप वहिनीच्या हातात देते आणि म्हणते, "मना मांगे कानबाई तुना घर बसी." झालं. आईच्या मागं कानबाई धुळ्याला त्याच्या घरी बसणार. वर म्हणतो, या वर्षापासून रोट वेगळे.
रोट वेगळे म्हणजे भाऊपण संपलं. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन आई सव्वा मूठ गहू सुपात टाकायची. आता त्याच्या सुपात माझ्या नावाची मूठ नाही. एवढं तो फोनवर बोलला, आणि मागून वहिनीचं हसणं ऐकू आलं.
लता म्हणते, "मी तिथंच बसले होते. वहिनींना असं काही म्हणाल्या नव्हत्या सासूबाई." मग कुणाला म्हणाली? ते तिला आठवत नाही. बायकोही अशी कामाची.

१० ऑगस्ट
दात-ओठ खाऊन पुढचं पाहिलं. आईचे ओठ हलतात एकीकडे, शब्द येतात दुसरीकडे. वहिनीच्या हातून तांब्या पडतो, तो घरंगळत जाऊन थांबतो, आणि मग खणकन् आवाज. चित्र पुढं पळालंय. कॅसेट कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या कार्डानं मधल्या मधल्या फ्रेम खाल्ल्यात, आवाज मात्र पुरा घेतलाय. जसं पुढं जावं तसं अंतर वाढतं.
म्हणजे आई ते बोलली, तेव्हा सूप तिच्याच मांडीवर होतं. आणि माझ्याच हातच्या बिघडलेल्या सीडीवर भाऊ कानबाई नेतोय. कपाळ माझं.

११ ऑगस्ट
कॅसेट पुन्हा लावली, नेमकी ती जागा बघायला. व्हीसीआरनं टेप गिळली. झाकण काढून सोडवली, पण तेवढ्या भागाच्या चिंध्या. आता कॉम्प्युटरमधलं आहे तेवढंच.
भाऊला फोन करून सांगितलं. "मुद्दाम तोडी तू." दुसरं काय बोलणार तो.

१४ ऑगस्ट
कार्ड विकणारा म्हणतो, हार्ड डिस्क स्लो आहे, नवी घ्या. घेताना हाच म्हणाला होता, यावर सगळं चालतं. चार शब्द सुनावले. तो हसत होता.
आवाज सगळा पुढं ओढून पाहिला. तांब्या जुळला तर सुरुवात बिघडली. तीन सीड्या वाया.

१६ ऑगस्ट
नागपंचमी. दुकान बंद ठेवून आत बसलो. आवाज वेगळा काढला, चित्र वेगळं. आवाजाचे बारके तुकडे करून, मधली शांतता कापत एकेक बसवतोय. खूण म्हणून तांब्या. वहिनी जन्मात पहिल्यांदा माझ्या उपयोगी पडली.

१९ ऑगस्ट, गुरु.
जुळलं. आईच्या तोंडून भाऊचं नाव, सव्वा मूठ. माझं नाव, सव्वा मूठ. मग मान वर केली, हात सरळ कॅमेऱ्याकडे, "मना मांगे कानबाई तुना घर बसी." सूप वहिनीला दिलं ते त्यानंतर.
कॅमेऱ्यामागं मी होतो. मीच. खूप रडलो, खोटं कशाला लिहू.
डोळे पुसून भाऊला फोन लावला. सगळं ऐकवलं. शेवटी तो म्हणाला, "आनि लाइट कोनी धरेल व्हता?" त्यानंच फोन ठेवला.

तेच, संध्याकाळी
लाइट भाऊनं धरला होता. वायर आखूड होती, माझ्या खांद्याला खांदा लावून उभा होता. चित्र थांबवून थांबवून पाहिलं. आईचा हात आमच्या दोघांकडे आहे. डोळे कुणाकडे, ते कळत नाही, तोंडावर लाइट पडलाय म्हणून तिनं ते बारीक केलेत.

२० ऑगस्ट, शुक्र.
परवा कानबाई. धुळ्याला तयारी चालू असणार. इथंही चालू आहे, मीच सांगितलं. एका कानबाईची दोन घरं. आई असती तर दोघांना झोडपलं असतं.
नीट केलेली सीडी पाकिटात घातली, पत्ता लिहिला. अजून टेबलावरच आहे.
लता सूप घेऊन बसली. माझी मूठ टाकली, पोराची टाकली. मग मुठीत गहू धरून माझ्याकडे बघत राहिली. "भाऊंची टाकू?"
थांब म्हणालो. ती अजून तशीच बसून आहे.