काळीला विचारायचा प्रश्न

१४ मार्च २०१७

जिंकलेला दावा परत उकरला! वरच्या कोर्टाचा कागद आला. डहाणूला जतीनभाई वकिलांनी वाचून दाखवला, मग मी स्वतः दोनदा वाचला. 

लाहूला, माझ्या बहिणीच्या, पुतळीच्या घरवाल्याला, जाऊन सात वर्षं झाली. मूलबाळ नाही. त्याचं रानशेतचं शेत त्याच्या पुतण्याला, शुक्राला, हवं. खालच्या कोर्टानं म्हटलं, जमीन पुतळी कसते, तिच्याकडेच राहू दे. शुक्रा अपिलात गेला. आता वरचे साहेब म्हणतात, खालच्यांनी खरा मुद्दा काढलाच नाही. म्हणून त्यांनीच नवा काढला — “लाहू व पुतळी यांचा विवाह जमातीच्या रूढीप्रमाणे झाला होता काय?” खालच्या कोर्टानं साक्षी घ्यायच्या, उत्तर लिहून वर धाडायचं.

“भाई, तीस वर्षं एका चुलीवर जेवले दोघं. आता हा मुद्दा?”

“चूल कागदावर येत नाय ने, काका!”

१५ मार्च

पुतळीला सांगितलं. माझी धाकटी बहीण, पण बोलायला माझी आई! तांदूळ पाखडत होती. सूप थांबवलं नाही. “त्याला शेवटची आंघोळ मीच घातली. तेव्हा कुठं होतं कोर्ट?”

१८ मार्च

आता हे साहेबांना कसं समजवायचं? आमच्यात बाई घरात येते, नांदते. हळद, लग्न लावणाऱ्या धवलेरी बाईची गाणी, गावजेवण — ते सगळं सवडीनं. कुणाचं पाच वर्षांनी, कुणाचं पोरांच्याच मांडवात. लाहू दर वर्षी म्हणायचा, “या भाताला लग्न लावून टाकू.” भात दर वर्षी खाऊन संपायचा.

भिकीचं नि माझं तरी कुठं लागलंय! पण हे पाड्याबाहेर बोलत नाही आम्ही. आमच्या पोराच्या, सुनीलच्या सासरी, चारोटीला, तर मुळीच नाही. थाटाची माणसं ती. त्यांना मी काय काय रंगवून सांगितलंय, माझं मला ठाऊक.

११ जुलै

माझी साक्ष झाली. शुक्राचा वकील म्हणाला, “लग्न लागलं होतं?”

“घरात आणली. नांदली.”

“हो की नाही?”

“नाही.”

बाहेर पुतळी म्हणाली, “खरं बोललास, बरं केलंस.” पाणी दिलं. 

२ नोव्हेंबर

जतीनभाई खुशीत! शुक्राची आई काळी, पुतळीची जाऊ, साक्षीला येणार. तिलाच विचारायचं — बाई, तुझं लग्न लागलं होतं का? नव्हतंच, सारा पाडा जाणतो. तरी तिच्या नवऱ्याची जमीन तिच्या नि शुक्राच्या नावावर चढलीच ना? मग तीच रूढी पुतळीला का नाही?

“एकच सवाल, काका. केस आपला! पछी मग तुम्हाला परत बोलावू. तुमच्या घरचा पन दाखला देऊ.”

माझ्या घरचा. म्हणजे चारोटीपर्यंत जाणार.

जेवलो नाही. भिकी म्हणाली, “तोंड का असं, कारलं खाल्ल्यागत?”

२२ नोव्हेंबर

वकिलांना सांगून आलो — काळीला तो प्रश्न नको. सत्तरीची बाई. भर कोर्टात, पोटच्या पोरासमोर तिची अब्रू कशाला काढायची? जतीनभाई तापले. “पुतळीबेनला विचारलं?”

“मी थोरला आहे. मी सांगतो तेच.”

दयाच केली मी. दयाच ना?

२३ नोव्हेंबर

काळी पिंजऱ्यात उभी. शुक्राच्या वकिलानं विचारलं, “पुतळी लाहूची कोण?”

“ठेवलेली.” मान वर केली नाही तिनं.

आमचे वकील उठले. माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. दोन किरकोळ प्रश्न विचारून बसले.

येताना पुतळी जीपमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसली.

६ फेब्रुवारी २०१८

उत्तर वर गेलं. “विवाह सिद्ध होत नाही.” चार शब्द!

२६ जून

वरचा निकाल. शेत शुक्राचं. शेतातली झोपडीही.

पुतळीला म्हटलं, चल माझ्याकडे. भिकीनं पडवी सारवून ठेवलीय. पुतळी म्हणाली, “आधी वकिलाला भेटून येते. काळीला काहीच का विचारलं नाही, ते मला कळू दे.”

मी म्हटलं, कशाला एवढ्या लांब जातेस. ती गेलीच.

२८ जून

पुतळी दारातच उभी राहिली. आत ये म्हटलं, आली नाही.

“काळी खोटं बोलली ती पोराच्या पोटासाठी. तू वकिलाला कुणासाठी गप्प बसवलंस, दादा?”

 कोंबड्यांची पाटी डोक्यावर घेतली नि गेली — काळीकडे राहायला.