भाच्याचे पाय

प्रिय पंचफुला,

नेत्याच्या मायले कसं लिवावं, इथूनच माहं अडलं. नावाच्या आंधी काही मोठं लावू का नको, समजेना. मंग म्हटलं, जिच्या डोक्यातल्या उवा मी काढल्या त्या नणदेले कायचा आलाय मान, नुसतं पंचफुला लिवून टाकू. फोन काहून केला नाही म्हणशील. फोनवर तू मधातच 'हो हो, पाहू' म्हणते अन् ठेवून देते. कागद मधात ठेवता येत नाही. खातूनबीचा अरसलान त्याच्या दुकानासाठी गाड्याइचं सामान आणाले यवतमाळले चालला हाय, त्याच्या हाती हे देते. तू सातवी शिकलेली, मी चवथी. अक्षर पाहून हसजो, पण पुरं वाचजो.

इकडचं बरं हाय. कापूस वेचाले बाया भेटत नाही. भेटल्या तं पहिले विचारते, मोबाईल चार्जिंगले कुठं लावू. माहा डावा गुडघा सकाळी माह्या आंधी उठते अन् मले उठवते. खातूनबीची बकरी आपल्या तुरीत घुसली, त्याच्यावरून आमचं चांगलं जुंपलं, अन् सांजेले तिच्याच ओसरीवर बसून आम्ही दोघी चहा पेलो. बकरी समोरच बांधली होती. तिच्या तोंडाकडे पाहून वाटे, हिलेच काही पश्चात्ताप नाही तं आपण कायले तोंड फुगवावं.

आता मोठी बातमी. मी फेमस झाली. तू पाह्यलं असेल, नाही तं तुह्या पोरानं तुह्यापासून लपवलं असेल. तो व्हिडिओ फिरून राह्यला ना सगळ्याइच्या फोनवर, एक बिचारी विधवा म्हातारी नेत्याच्या पायावर डोकं ठेवून हाय अन् नेता वर तोंड करून हसून राह्यला, खाली लिवलेलं का हाच का तुमचा जनतेचा सेवक, त्यातली बिचारी मीच. साडीवरून ओळखलं नाही का? तूच दिलती, जांभळी. मी तेव्हाच म्हटलं होतं का हा रंग मले म्हातारी दाखवते.

झालं काय ते पहिल्यापासून सांगते, काहून की पोरगा तुले अर्धंच सांगेल. तुहा राजदीप विरोधातल्या पार्टीचा जिल्ह्याचा अध्यक्ष, अन् आता आपल्या भागातून आमदारकीले उभा. आपलं गाव कसं हाय तुले माहीत. किती निवडणुका झाल्या, मत सत्तेतल्या पार्टीलेच. तरी तो आला. तीन गाड्या, एक भोंगा, अन् संग मुंबईवरून पार्टीनं धाडलेला एक पांढऱ्या बुटाचा साहेब. तो याले सांगते, इथं उभा राह्य, याचा हात धर, तिकडे पाहून हस. दुसऱ्या गावाइत त्याईचं ठरलेलं हाय. गाडीतून उतराचं, पहिला बुढा दिसला का त्याच्या पाया पडाचं, बुढा डोक्यावर हात ठेवते, साहेब फोटो काढते. आपल्या पारावर धावजी बसलता. राजदीप वाकला. तं धावजी असा मागं उडाला जसा इस्तवावर पाय पडला, अन् त्यानंच दोन्ही हातानं याचे पाय धरले. म्हणे, भाच्या, मले कायले पापात पाडतं. मंग रांगच लागली. धरमसिंग आला, त्याचा भाऊ आला, ज्याले चालता येत नाही तो लेकाच्या खांद्यावर हात ठेवून आला. राजदीप मागं सरके, बुढे पुढं सरकत. पारापासून मारुतीच्या देवळापर्यंत तुहा पोरगा उलट्या पावलानं चालला. मी ओट्यावर उभी राहून पाहून घेतलं.

पांढऱ्या बुटाचा साहेब घाबरला. मले विचारे, ताई, हे काय चाललं? मी त्याले समजावलं का बाबू, हा या गावच्या लेकीचा पोरगा. आमच्याइकडे मामा भाच्याच्या पाया पडते, भाचा मामाच्या नाही. अन् लेक गावाची म्हटल्यावर सारं गावच मामा. साहेबाले ते आवडलं. त्यानं विचारलं, मंग सारे मत यालेच ना? मी म्हटलं, भाच्याले धोतर भेटते, टोपी भेटते, नारळ भेटते, पुरणाची पोळी तुपाच्या धारेसंग भेटते. मत आजपर्यंत कोण्या भाच्यानं मागतलं नाही, तं ते द्याची रीतच नाही. साहेबाचा चेहरा पाहाले पाह्यजे होता. अन् खरंच सांगते, त्या दिवशी राजदीपले एक मत मागता आलं नाही. तोंड उघडलं का कोणीतरी पायावर.

मंग घरी आला. मी पितळेची परात काढली. तीच, तुह्या दादाची. त्याले पाटावर बसवलं, हळदीच्या पाण्यानं पाय धुतले, पदरानं पुसले, कुंकू लावलं. मामा नाही तं मामीनं करावं, यात कोणाले काही विचाराचं काम नव्हतं. पण पाय काय मऊ झाले वं त्याचे, मोजे घालू घालू. सुट्ट्याइत इकडे येत होता तवा याच पायात सराटे रुतत, अन् मी मांडीवर घेऊन काढत बसे. ते पाय हे वाटेच ना. मले राहवलं नाही. डोकं टेकवता टेकवता अंगठ्याले असा चिमटा घेतला का गडी पाटावरून वीतभर उडाला अन् खो खो हसला. नेमकं तेवढंच कोणीतरी दारातून फोनमध्ये धरलं. चिमटा त्यात दिसत नाही. हसणं दिसते.

पहिले आम्हाले मजाच वाटली. अरसलाननं दुकानात दाखवलं तं खातूनबी तोंडात पदर कोंबून हसली. म्हणे, रुक्मा, तू तं हिरोईन झाली, तेही रडणारी. पण पुढच्या बाजाराले घाटंजीले गेली तं मजा निघून गेली. एक शहरातली बाई आली, शिकलेली, चांगली होती बिचारी, तिनं माहा हात हातात घेतला अन् म्हटलं, आजी, घाबरू नका, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत. मी कोणाले घाबरून राह्यली ते मलेच माहीत नाही. मी तिले रीत सांगाले लागली तं ती मान हलवे अन् तिचे डोळे भरून येत. तिले वाटे मले असं सांगाले शिकवलं. त्या दिवशी मले समजलं का ज्याइले आपली कीव आली त्याइले आपलं बोलणं ऐकू येत नाही.

मंग सत्तेतल्या पार्टीचे दोघं घरी आले. साडी, शाल, नारळ. म्हणे, आई, तुमचा अपमान झाला, आमच्या सभेत स्टेजवर बसा, तुम्हाले बोलाचं काहीच काम नाही, नुसतं बसा. मी साडी उलटीपालटी करून पाह्यली अन् विचारलं, पिवळ्या रंगात नाही का? ते म्हणे, आणून देतो. मी म्हटलं, आणा, पण मंग मी बोलीन. ते परत आले नाही.

इथपर्यंत माहं बरं चाललं होतं. मंग राजदीपचीच गाडी आली. एकटाच, साहेबाले गाडीत बसवून. तोंड उतरलेलं. म्हणे, मामी, पार्टीच्या मोठ्या साहेबाइनं सांगितलं, घाटंजीच्या सभेत माफी मागाची. म्हणाचं का वडीलधाऱ्याइले पाया पडू देलं ही माही चूक झाली. नाही मागतली तं पार्टी मले एकट्याले सोडते, अन् साऱ्या तालुक्यात मी मुजोर म्हणून जातो. पुढं म्हणे, तुम्ही स्टेजवर या, मी सगळ्याइसमोर तुमच्या पाया पडतो, झालं, बरोबरी होऊन जाईल.

पंचफुला, तो बोलत होता तवा धावजी अन् धरमसिंग ओसरीवरच होते. धावजीनं टोपी काढली, झटकली अन् पुन्हा घातली. मी समजून गेली. पोरानं माफी मागतली का गावाले असंच ऐकू जाणार, तुम्ही येडे, तुमची रीत घाणेरडी, तिची मले लाज वाटते. अन् नाही मागतली तं बाकी तालुका हातचा जाते. दोन्हीकडून पोरगा मरते. मले त्याची दया आली, पण मी ते दाखवलं नाही. मी त्याले म्हटलं,

“भाचेबुवा, खुशाल पड माह्या पाया. पण त्या दिवसापासून मी तुही मामी नाही, तुही मतदार. अन् मतदार म्हणून मले तुले लय विचाराचं हाय.”

तो हसला. त्याले वाटलं मी पुन्हा चिमटा घेतला. मी म्हटलं, हसू नको, आताच विचारते. दुपारची एसटी बंद झाली, पोरी चालत शाळेत जाते, तवा तू कुठं होता? दवाखान्याच्या खोलीले कुलूप हाय, खातूनबीच्या सुनेले दिवस भरले तं अरसलाननं मोटारसायकलवर बसवून नेलं, तुले माहीत हाय का? तुही पार्टी विरोधात हाय ना, मंग विरोध कराले तू का निवडणुकीचीच वाट पाहत होता? हे सारं मले किती दिवसापासून विचाराचं होतं. पण भाच्याले कोण विचारते? भाच्याले वाढाचं असते.

मंग त्यानं एक काम बरं केलं, ते मी कबूल करते. गाडीतल्या साहेबाले चहा प्याले धाडून देलं अन् स्वतः खाली, जमिनीवर बसला. धावजीले म्हणे, मामा, तुम्ही विचारा. धावजीनं विचारलं. मंग धरमसिंग बोलला, मंग बाया आल्या. बायाइनं तं त्याले धुतलंच, हळद न टाकता. काहीचं उत्तर त्याले आलं, काहीचं नाही. एका गोष्टीले तो सरळ म्हणाला, हे माह्या हातात नाही, खोटं सांगत नाही. त्याच्यावर एक बाई चिडून उठून गेली, दुसरी बसली. आता गावात त्याच्याबद्दल दोन्ही बाजूनं भांडण चालू हाय. आंधी सारे भाचा म्हणत, आता नावानं बोलते, राजदीप असा म्हणाला, राजदीपले हे समजत नाही. मले हे बरं लक्षण वाटते. ज्याले फक्त नारळ द्याचा त्याच्याशी कोणी भांडत नाही. पण सारे मत फिरतील असं काही समजू नको. धरमसिंग अजून म्हणते, पाय भाच्याचे, मत ज्याचं त्याचं. माहं मत कोणाले, ते मी तुलेही सांगणार नाही. ज्याच्या साडीचा रंग चांगला त्याले.

माफीचं त्यानं अजून ठरवलं नाही. घाटंजीची सभा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी हाय. जातानी म्हणे, मामी, आईले विचारून सांगतो. म्हणजे तो तुले विचारणार. तू त्याले काय सांगशील ते तुहं तू पाह्य, मी त्यात पडत नाही. मी हे पत्र त्याच्यासाठी लिवलंच नाही.

तुहा दादा गेल्यापासून तू इकडे आली नाही. तेरवीच्या दिवशी दारातून निघतानी बोलून गेली, भाऊ गेला, आता कायचं माहेर. मी तिथंच उभी होती पंचफुला, पाण्याचा तांब्या घेऊन. मले लागलं ते. मी का मेली होती? दर दिवाळीले तो राजदीपचे पाय धुवे तवा मी त्याले चिडवत होती का पोराचे एवढे कायले घासता. तो म्हणे, हे पाय पोराचे नाही, माह्या बहिणीचे हाय. तो गेल्यापासून परात माळ्यावर पडली होती. पोरगा मतासाठी आला, कायच्यासाठी का येईना, मी ती उतरवली, चिंचेनं घासली अन् दादाचं काम केलं. दुनिया म्हणते म्हातारीले पाया पाडलं. मी तं तुले दाखवून राह्यली होती का दार उघडं हाय. ते तुह्यापर्यंत गेलं असेल, पण खाली भलतंच लिवून गेलं, म्हणून हे हातानं लिवते. तू तिकडे गच्चीवर उभी राहून चंद्राले ओवाळते असं राजदीप बोलता बोलता सांगून गेला. या भाऊबीजेले चंद्राले राहू दे, तो ताटात काही टाकत नाही. इकडे ये, मले ओवाळजो, पाटावर दादाच्या जागी मी बसते. सभेले जाशील का नाही ते इथून ठरवजो. परात खाली काढलेलीच हाय, हळदही दळून ठेवली. फक्त येतानी अंगठा सांभाळजो.

तुहीच, व्हिडिओतली बिचारी,
रुक्मा