बाबांनी ऐकलं

वलगाव, मंगळवार संध्याकाळ

आज व्हिडिओ कॉलवर समुपदेशक ताईंना शेवटी खरं सांगितलं. मी जेवते आणि मग लपून उलटी करते. मागे वळले तर दारात बाबा!

यंदा बोंडअळीनं कपाशी गेली, तरी ते स्वतःची अर्धी भाकर रोज माझ्या ताटात टाकतात. तीच भाकर मी... शी! मान वर होईना.

बाबा म्हणाले, "भाकरीचं जाऊ दे, पोरी. तुले तरास होऊन राहिला, तं मले काहून नाई सांगतलं?"



ते स्टूल ओढून बाजूला बसले. मोबाइलपाशी वाकून ताईंना म्हणाले, "मी हिचा बाप. मले बी सांगा, आता मी काय करू?"

लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण कॉल मी बंद केला नाही.